विकिपीडियावर नवीन आहात? आधी माझ्या (+३) ची गोष्ट ऐका

खातं उघडून चार-सहा महिने झाले, हात बसला, धूळपाटी (सरावाचं पान) कशाला असते आणि सांगकाम्या (आपोआप संपादनं करणारा बॉट) कोण ते कळलं, की डोक्यात एक किडा वळवळायला लागतो: आता आपल्याला काहीतरी अधिकार मिळायला हवा. ज्यांच्या डोक्यात तो वळवळतोय त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी सरळ लेख लिहायला बसावं, त्यात जास्त पुण्य आहे.

माझा किडा द्रुतमाघारीचा होता. म्हणजे कुणी लेखात शिव्या लिहिल्या, अर्धा लेख पुसला, तर एका टिचकीत लेख पूर्ववत करायची सोय. मुळात ही प्रचालकांकडे, म्हणजे अॅडमिनकडे, असते, पण काही विकिपीडियांवर इतर सदस्यांनाही वेगळी देतात. इंग्रजीवर २००८च्या जानेवारीपासून तशी मिळते. ती मिळाल्यावर नावापुढे बिल्ला लागत नाही, पगार तर नाहीच. तरी हवी होती. का, ते अजूनही धड सांगता येत नाही.

ती मिळवण्यासाठी मी जे केलं ते आधी कबूल करतो. एका जुन्या सदस्याला खाजगीत विचारलं, तर उत्तर आलं, ‘संपादनसंख्या वाढव, मग बघू.’ झालं. नाशिकला घरी रात्रीचं जेवण उरकलं की मी ‘आणी’चं ‘आणि’ करायला बसायचो. एका लेखात एक दुरुस्ती, प्रकाशित. त्याच लेखात दुसरी दुरुस्ती, पुन्हा प्रकाशित. एका बैठकीत होण्यासारखं काम पाच संपादनांत. स्वल्पविरामापुढे जागा सोड, वर्ग जोड. दीड महिन्यात आठशेच्या वर आकडा गेला आणि त्यात एक परिच्छेदसुद्धा माझा नव्हता.

इथे माझं एक मत ठासून सांगतो, पटलं तर घ्या. खाजगी निरोपात मिळणारे गुरू टाळा. माणसं वाईट नसतात, पण तिथे दिलेला सल्ला चारचौघांत तपासला जात नाही. चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर, विचारा. कुणीतरी टोचून बोलेल, दोन दिवस उत्तरच येणार नाही, पण जे येईल ते सगळ्यांसमोर असेल आणि चुकीचं असलं तर तिसरा कुणी खोडून काढेल.

आकड्याच्या नादाचा दोष फक्त नवख्यांचा नाही, रचनाही थोडी तशीच आहे. इंग्रजी विकिपीडियावर ४ दिवस आणि १० संपादनं झाली की खातं आपोआप एक पायरी चढतं. ३० दिवस आणि ५०० संपादनं झाली की पुढची, आणि काही वादग्रस्त विषयांचे लेख त्यानंतरच उघडतात. मग लोक स्वतःच्याच सदस्य पानावर पूर्णविराम टाकत-काढत बसतात. पण योगदानांची यादी जगजाहीर असते, त्यामुळे हे लपत नाही आणि चढलेली पायरी उतरवलीही जाते. यंत्र मोजतं ते फक्त दिवस आणि आकडा. प्रचालकपदासाठी कौल घेतात तेव्हा माणसं मोजतात, आणि माणसं फरक, म्हणजे संपादनाआधीचं आणि नंतरचं पान शेजारी ठेवून काय बदललं ते, उघडून बघतात.

तर मला द्रुतमाघार मिळाली. आता मुख्य मुद्दा. हा सावकाश वाचा.

‘उलटवा’ आणि ‘द्रुतमाघार’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘उलटवा’ दाबलं की एक संपादन मागे घेतलं जातं, आणि त्याआधी समोर खिडकी उघडते, फरक दिसतो, सारांशात कारण लिहायला जागा असते. द्रुतमाघार तसं काही करत नाही. ती त्या पानावरच्या शेवटच्या सदस्याची सलग असतील तितकी सगळी संपादनं एका झटक्यात पुसते आणि पान त्याच्या आधीच्या सदस्याने सोडलं होतं तिथे नेऊन ठेवते. सलग एक असो की बारा. सारांशात ठरावीक वाक्य आपोआप पडतं आणि नोंद छोटा बदल म्हणून होते. तुम्हाला यादीत दिसतोय शेवटचा बदल, पुसताय मात्र अख्खी माळ. मदतपानावर हे लिहिलेलं आहे, मी वाचलंही होतं. वाचणं आणि रात्री साडेअकराला यादी समोर असताना आठवणं यात फार अंतर आहे.

त्या रात्री अलीकडील बदलांत एकच अंकपत्ता (आयपी अॅड्रेस) दिसत होता. खातं नाही, सारांश नाही. मोखाडा आणि जव्हार तालुक्यांतल्या गावांची पानं, एकामागून एक, आणि प्रत्येकापुढे (+३), म्हणजे पान फक्त तीन बाइटने वाढलेलं. कुठे (+६). वीसेक मिनिटांत चाळीसच्या आसपास. मी यादी गाळून फक्त ताज्या आवृत्त्या बघत होतो. मनात पहिला विचार काय आला असेल? हा आकडा वाढवतोय. अंकपत्त्यावरून आकडा वाढवून कुणाला काय मिळणार, हेसुद्धा सुचलं नाही. दीड महिना जे स्वतः केलं तेच मला समोरच्यात दिसलं. एकही फरक न उघडता ओळीने टिचक्या मारत गेलो.

सकाळी चहा घेताना एक फरक उघडला. ‘ठाणे जिल्ह्यातील’चं ‘पालघर जिल्ह्यातील’ केलेलं होतं.

देवनागरीतलं एक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘ठाणे’मध्ये काना-मात्रा धरून चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. ‘पालघर’मध्ये पाच, म्हणजे १५. हा तो (+३). १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला, मोखाडा-जव्हारसकट आठ तालुके तिकडे गेले, हे मला काय माहीत नव्हतं? आम्ही नाशिककर, त्र्यंबक सोडलं की तासाभरात मोखाडा. जव्हारला पावसाळ्यात दरवर्षी जातो. गावांची ती पानं २०११च्या जनगणनेच्या यादीवरून बनलेली होती, म्हणून जुना जिल्हा तसाच राहिला होता. कुणीतरी एकेक पान उघडून तो बदलत होतं. मी चाळीस गावं परत ठाण्यात नेऊन सोडली.

आणि माळेचं म्हणाल तर, त्यातल्या एका गावाच्या पानावर त्याने जिल्हा बदलण्याआधी नऊ संपादनं केली होती. पाड्यांची नावं, आश्रमशाळा, उन्हाळ्यात पाणी कुठून आणतात ते. संदर्भ नव्हते, भाषा बोलीतली होती, पण ती माहिती त्या पानावर दुसऱ्या कुणी लिहिलेली नव्हती आणि लिहिणारही नव्हतं. (+३)बरोबर तीही गेली.

पुढचं थोडक्यात. सगळी पानं हाताने पुन्हा बदलली, प्रत्येक ठिकाणी सारांशात ‘माझी चूक’ असं लिहिलं, चावडीवर स्वतःहून सांगितलं आणि परवानगी काढून घ्या म्हणालो. त्या अंकपत्त्याच्या चर्चा पानावर माफी मागितली. मोबाइलचा अंकपत्ता असतो तसा तो बदलून गेला असणार. उत्तर आलं नाही. आता अनेक ठिकाणी अंकपत्त्याऐवजी तात्पुरतं खातं दिसतं. तेव्हा तीही सोय नव्हती.

घाबरवण्यासाठी सांगत नाहीये. उलट, इथे काहीच कायमचं बिघडत नाही, इतिहासात सगळ्या आवृत्त्या असतात. चावडीवर मला कुणी फाडून खाल्लं नाही. एकाने नुसतं लिहिलं, ‘पुढच्या वेळी फरक बघा.’ आठ-नऊ महिन्यांनी मी अर्ज न करताच कुणीतरी परवानगी परत सुचवली, आणि त्यासाठी पुरावा म्हणून दिला तो त्याच चाळीस पानांचा. त्यामुळे चूक झालीच तर लपवू नका. लपत नाही हा एक भाग, पण लपवायचा प्रयत्न मात्र लोकांच्या चांगला लक्षात राहतो.

पण परत येणारी वस्तू आणि परत येणारा माणूस यांत फरक आहे. लेख परत आला. तो मोखाड्याचा माणूस, किंवा बाई, परत आलेली मला तरी दिसली नाही.

आकड्यावर विश्वास ठेवल्याने काय होतं याचं मोठं उदाहरण हवं असेल तर स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचं बघा. २०२०मध्ये लक्षात आलं की तिथले हजारो लेख एका अमेरिकी मुलाने लिहिलेत, ज्याला ती भाषा येतच नव्हती. तो तिथला प्रचालकही होता. मला त्या पोराचा राग येत नाही. लहान वयात हौसेने सुरू केलं, आणि वर्षानुवर्षं कुणी वाचलंच नाही. लहान विकिपीडियांवर ही भीती कायम असते. बघणारे मोजके, त्यामुळे जो दिसतो त्याच्यावर विश्वास टाकला जातो.

कार्यशाळा घेणाऱ्यांसाठी जाता जाता: एका अंकपत्त्यावरून दिवसाला सहाच खाती उघडतात. २७ फेब्रुवारीला कॉलेजात चाळीस पोरं बसवून सातव्याला अडकू नका. खाती घरून उघडून आणायला सांगा, किंवा आधीच चावडीवर कळवा.

अर्ज करणारच असाल तर आपली शेवटची पन्नास संपादनं उघडून बघा. दुसऱ्याचं उलटवलेलं किती, त्यातल्या किती ठिकाणी कारण लिहिलंय, किती ठिकाणी त्या सदस्याशी चर्चा पानावर बोललात? निम्म्याहून जास्त कोरी असतील तर दोन महिने थांबा. अर्जात संपादनसंख्या लिहू नका, ती सगळ्यांना दिसतेच.

आणि परवानगी मिळाली की पहिलं काम: पसंतीक्रमात जाऊन द्रुतमाघारीआधी खात्री विचारण्याची खूण करा. मोबाइलवर ‘फरक’ बघायला जावं आणि अंगठा भलत्याच दुव्यावर पडावा, हे फार सहज होतं. ही खूण केली की एक प्रश्न पुढे येतो, हो किंवा नाही. जुने लोक हसतात, वेळ जातो म्हणतात. जाऊ दे.