जर्मनीत नव्याने आलेल्या खान्देशी मंडळींनो, सिग्नलवर उजवीकडे वळताना

घर, बँक, विमा यांबद्दल सांगणारे इथे पुष्कळ आहेत. लायसन्सचं एवढंच: राहायला आल्यापासून भारतीय लायसन्स 6 महिनेच चालतं, मग लेखी आणि गाडीची, दोन्ही परीक्षा. लवकर तयारीला लागा.

मला सांगायचंय ते सिग्नलचं. जळगावला अजिंठा चौफुलीवर लाल असला तरी डावीकडे वळणारा थांबत नाही. थांबलाच तर मागचा हॉर्न वाजवून त्याला काढतो. इथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून हीच खोड उजव्या वळणाला उतरते. भाऊ, लाल म्हणजे उजवीकडेही बंद! फक्त लाल दिव्याशेजारी काळ्या पाटीवर रंगवलेला हिरवा बाण असेल तर वळता येतं, तेही रेषेवर चाकं पूर्ण थांबवून, चालणारे-सायकलवाले बघून. नुसता वेग कमी करणं म्हणजे थांबणं नव्हे. दिव्यातच पेटणारा हिरवा बाण वेगळा, त्याला थांबावं लागत नाही.

पारोळ्याकडचा एक पोरगा पाटी नसलेल्या चौकात पहाटे असाच वळला. लाल लागून एका सेकंदाच्या वर झालं होतं आणि कॅमेरा होता. 200 युरो दंड, 2 दंडगुण आणि महिनाभर गाडी बंद. गोदामातल्या पहाटेच्या पाळीला बस नव्हती, नोकरी गेली. सेकंदाच्या आत असता तर 90 युरो आणि 1 गुणावर भागलं असतं. हे गुण फ्लेन्सबुर्ग शहरातल्या सरकारी वाहतूक-नोंदीत जातात, 8 झाले की लायसन्सच जातं. "रात्री कोण बघतं" हे त्याला आपल्याच जुन्या लोकांनी शिकवलं होतं. वर्षानुवर्षं इथे राहून असे सल्ले देणाऱ्यांचा मला राग येतो.

साधा हिरवा लागला तरी बेफिकीर वळू नका. ज्या रस्त्यात शिरता तो ओलांडणाऱ्यांनाही त्याच वेळी हिरवा असतो आणि पहिला हक्क त्यांचा. सायकलवाला मागून उजव्या अंगाने सरळ येतो, आरशात दिसेलच असं नाही. उजव्या खांद्यावरून मान वळवून बघा, प्रत्येक वेळी.

पायी असाल तर रिकाम्या रस्त्यावरही लालला थांबा. दंड 5 युरोच आहे, पण शेजारी उभं लेकरू तुमचं बघून पाऊल टाकतं. म्हातारी माणसं त्यावरून रागावतात, आणि बरोबरच रागावतात.

सिग्नल बंद असला किंवा पिवळा लुकलुकत असला तर पाट्या पाळायच्या. पाटीही नसली तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.