कपाटांच्या भिंतीने एक जादा खोली

दोन खोल्यांच्या घरात मुलगा-मुलगी मोठी झाली की तिसरी झोपायची जागा लागतेच. पक्की भिंत घालू नका. चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायला अख्खा हॉल मोकळा लागतो.

१. आधी जमिनीवर खडूने आखा. एकेरी पलंग साधारण ३ फूट बाय सव्वासहा फूट, शेजारी चालायला निदान २ फूट. एवढी जागा निघत नसेल तर बेत तिथेच सोडा.

२. दोन कपाटे हॉलच्या आडव्या ओळीत उभी करा, एकाचे तोंड इकडे, दुसऱ्याचे तिकडे. दोन्हीकडच्यांना कपडे ठेवायची सोय होते. उघड्या पाठीवर जुनी साडी ताणून लावली तरी छान दिसते.

३. वर छतापर्यंत काही लावू नका. गोव्याच्या उकाड्यात पंख्याचा वारा दोन्हीकडे फिरायला हवा. खिडकी एकाच बाजूला येत असेल तर ती बाजू अभ्यास करणाऱ्याला द्या, भांडण झाले तरी.

४. वाटेच्या तोंडाला जाड पडदा. दार नको, जागा खाते.

कपाटे एकमेकांना आणि भिंतीला क्लॅम्पने जखडा, नाहीतर लहान मूल लटकले तर कलंडतील. भिंत बाहेरची असेल तर चार बोटे अंतर ठेवूनच जखडा. पावसाळ्यात ओल धरून कपड्यांना बुरशी येते.