संशोधन संस्थेतली स्त्री-पुरुष समानता तपासताय? या चुका टाळा

एका संस्थेच्या तपासणीत यादीवर 'पाळणाघर: आहे' अशी खूण होती. बघायला गेलो तर किल्ली सापडायलाच पंधरा मिनिटं गेली. आत बंद पडलेलं झेरॉक्स मशीन आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला झोका. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलंय. कागदावर नियम पाळला होता. म्हणून 'आहे का?' असं विचारू नका. मुलांची हजेरीवही मागा.

टक्केवारीनंही फसायला होतं. पाच प्राध्यापकांत एक बाई म्हणजे २० टक्के. ती निवृत्त झाली की शून्य. धोरण मात्र तेच! छोट्या विभागात सरळ माणसं मोजा, तीही एम.एस्सी., पीएच.डी., सहायक प्राध्यापक, प्राध्यापक अशा पायरीपायरीनं. एकच सरासरी काढली की एम.एस्सी.च्या वर्गातल्या मुलींमुळे प्राध्यापकांची पुरुषी यादी झाकली जाते.

सगळ्यात मोठी गफलत होते ती फेलोशिपच्या हिशेबात. करिअरमध्ये खंड पडलेल्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना २००२-०३ पासून आहे. अशा योजनांचं यश 'इतक्या जणींना लाभ' एवढ्यावर मोजलं जातं. लाभ म्हणजे पैसे मिळाले, इतकंच. फेलोशिप संपल्यावर दोन वर्षांनी ती कुठे आहे? कायम नोकरीत, पुन्हा कंत्राटावर, की घरी? आणि अर्ज करूनही जिला मिळाली नाही, ती कुठे आहे? या दुसरीचा माग कुणीच ठेवत नाही. तो नसेल तर पहिलीला योजनेनं तारलं की ती स्वतःच्या बळावर टिकली, हे कळणार कसं?

लैंगिक छळाच्या 'शून्य तक्रारी' ऐकून खूश होऊ नका. या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीतल्या, संस्थेबाहेरच्या सदस्याचं नाव वसतिगृहातल्या एखाद्या पीएच.डी.च्या मुलीला विचारून बघा.

शेवटचं जरा नाजूक आहे. भारतात २०२० साली विज्ञान संस्थांमधल्या स्त्री-पुरुष समानतेसाठी 'गती' हा उपक्रम आला, समानतेबद्दल संस्थांना मानांकन देणाऱ्या ब्रिटनच्या 'अथेना स्वान' योजनेच्या धर्तीवर. त्यात संस्थेनं स्वतःचीच झाडाझडती घ्यायची असते. काम चांगलं, पण असले तक्ते भरायला बहुतेक ठिकाणी विभागातल्या त्याच दोघी-तिघी बसतात, आपले प्रयोग बाजूला ठेवून. ते तास बढतीच्या अर्जात कुठे धरलेत, तेवढं बघा.