पहिल्या डोंगर चढाईसाठी कपडे, बूट आणि सॅक

पहिल्यांदा डोंगर चढायला निघणारी व्यक्ती बहुधा चढणीचाच विचार करून कपडे निवडते, आणि फसते ती इथेच. चढताना शरीर स्वतःच इतके तापते की अंगात काय आहे याने फारसे बिघडत नाही. खरी कसोटी लागते ती माथ्यावर पोहोचल्यानंतर, घामाने भिजलेल्या अंगाने वाऱ्यात थांबल्यावर. दर १००० मीटर उंचीमागे हवेचे तापमान साधारणपणे ६ ते ७ अंश सेल्सिअसने उतरते, त्यामुळे पायथ्याशी उकडत असले तरी वर उबदार कपडा लागू शकतो.

अंगालगतचा कपडा सुती नसावा. सुती कापड घाम शोषून घेते, पण लवकर वाळत नाही, आणि थंड वाऱ्यात असा ओला सदरा अंगातली ऊब झपाट्याने काढून घेतो. जीन्सचेही तेच, शिवाय ती भिजली की जड होऊन गुडघ्याला अडकते. पॉलिएस्टरचा किंवा पातळ लोकरीचा शर्ट घालावा. त्यावर फ्लीससारखा ऊब धरणारा थर आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे जाकीट, असे तीन थर पुरतात. एकच जाड कोट घेण्यापेक्षा हे बरे, कारण थर हवे तसे काढता-घालता येतात. निघताना किंचित गार वाटत असेल तर कपडे बरोबर आहेत असे समजावे, दहा मिनिटांत अंग तापते. थांबल्यावर मात्र थंडी वाजण्याची वाट न पाहता लगेच फ्लीस चढवावा.

बुटांच्या बाबतीत काटकसर आणि घाई दोन्ही नडतात. दिवसभराच्या वावराने पाय थोडे सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी, डोंगरावर वापरायचे तेच मोजे घालून पाहावेत. पुढे अंगठाभर जागा राहिली पाहिजे, कारण उतरताना पाय पुढे सरकतो आणि बोटे बुटाच्या टोकावर आपटत राहिली की नखे काळीनिळी पडतात. नखे दोन-तीन दिवस आधी कापलेली असावीत. उतार सुरू होण्यापूर्वी घोट्यापाशी नाडीला दुहेरी पीळ देऊन ती घट्ट बांधली, तर टाच मागे पक्की बसते आणि पाय पुढे घसरत नाही. कोरे बूट घालून थेट डोंगरावर जाऊ नये. आधी काही दिवस ते रोजच्या चालण्यात वापरावेत. टाचेला नुसते चुरचुरू लागले तरी थांबून तिथे चिकटपट्टी लावावी, फोड आल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

एका दिवसासाठी २० ते ३० लिटरची सॅक पुरते. तिच्यात सर्वांत जड असते ते पाणी, एका लिटरमागे एक किलो. तरीही ओझे कमी करायचे म्हणून पाण्यात कपात करू नये. मध्यम हवामानात तासाला साधारण अर्धा लिटर धरावे, उन्हाळ्यात त्याहून जास्त. जड वस्तू पाठीलगत, मध्यावर ठेवाव्यात आणि कमरेचा पट्टा कटीच्या हाडावर आवळावा, म्हणजे खांदे भरून येत नाहीत. सॅकवरचे पावसाळी आवरण वाऱ्याने उडते, म्हणून आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी घालून तिच्यात कोरडा शर्ट, मोजे आणि खाणे ठेवावे.

उन्हाची टोपी, सनस्क्रीन, मलमपट्टी आणि नेहमीची औषधे यांविषयी वेगळे सांगायला नको. हेडलॅम्प, म्हणजे डोक्याला बांधायचा दिवा, मात्र नवखे लोक हमखास घरी ठेवतात. सपाटीवर तासाला ५ किलोमीटर आणि त्याशिवाय दर ६०० मीटर चढाईमागे आणखी एक तास, हा स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली मांडलेला वेळेचा हिशेब आजही वापरतात. पण त्यात विश्रांती धरलेली नाही आणि नवख्याला याहून जास्तच वेळ लागतो. परतताना अंधार पडतो तो यामुळे. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नये, कारण त्याची बॅटरी थंडीत लवकर उतरते आणि उतरणीवर दोन्ही हात मोकळे लागतात. वाटेचा कागदी नकाशाही जवळ असावा.

शिट्टी सॅकच्या तळाशी न टाकता छातीवरच्या पट्ट्याला बांधावी. मिनिटात सहा वेळा वाजवून मिनिटभर थांबायचे आणि पुन्हा वाजवायचे, हा डोंगरातला मदतीचा संकेत आहे. पाय मुरगळून वाटेखाली पडलेल्या व्यक्तीला सॅक उघडता येईलच असे नाही, हात छातीपर्यंत मात्र सहसा पोहोचतो.