ऑटोमॅटिक फ्लॅशबरोबर ऑप्टिकल स्लेव्ह कसा वापरावा

ऑप्टिकल स्लेव्हला, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या मुख्य फ्लॅशचा उजेड ओळखून दुसरा फ्लॅश उडवणाऱ्या उपकरणाला, जोडलेला फ्लॅश डोळ्यांदेखत उडतो, पण छायाचित्रात त्याच्या प्रकाशाचा मागमूस नसतो, तेव्हा उपकरण बिघडलेले असतेच असे नाही. टीटीएल (लेन्समधून आलेला प्रकाश मोजून फ्लॅश आपोआप ठरवण्याच्या) पद्धतीत शटर उघडण्याआधी कॅमेरा एक क्षीण प्री-फ्लॅश सोडतो, परतून आलेला प्रकाश मोजतो आणि त्यावरून मुख्य फ्लॅशची ताकद ठरवतो. स्लेव्हच्या संवेदकाला फक्त प्रकाशातली अचानक वाढ कळते, म्हणून तो प्री-फ्लॅशवरच उडून मोकळा होतो.

आधी याची खात्री करून घ्यावी. प्री-फ्लॅश आणि मुख्य फ्लॅश यांच्यामधला वेळ इतका कमी असतो की डोळ्यांना ते एकच वाटतात. मात्र रिअर-कर्टन सिंक (शटर बंद होण्याच्या जरा आधी फ्लॅश उडवण्याची सोय) निवडून शटर 2 सेकंदांवर ठेवल्यास बहुतेक कॅमेऱ्यांत प्री-फ्लॅश सुरुवातीला आणि मुख्य फ्लॅश शेवटी उडतो, आणि स्लेव्ह नेमका कोणाला प्रतिसाद देतो ते उघड दिसते.

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे मुख्य फ्लॅश मॅन्युअलवर टाकणे, कारण मग प्री-फ्लॅश उरतच नाही. मुख्य फ्लॅशची ताकद पूर्ण ताकदीच्या 1/32 च्या आसपास आणि स्लेव्हची 1/4 ठेवून एक चाचणी छायाचित्र काढावे आणि ते पाहून दोन्ही आकडे कमीजास्त करावेत. फिल्मच्या काळातले, स्वतःच्या अंगावर संवेदक असलेले ऑटो फ्लॅशही प्री-फ्लॅश देत नाहीत, त्यामुळे साध्या स्लेव्हशी त्यांचे बरे जुळते.

टीटीएल सोडायचेच नसेल, तर स्लेव्हवर एस-2 मोड आहे का ते पाहावे. एस-1 पहिल्याच प्रकाशावर उडतो, तर एस-2 पहिला सोडून दुसऱ्यावर उडतो. रेड-आय रिडक्शन (छायाचित्रात डोळे लाल दिसू नयेत म्हणून असलेली सोय) मात्र बंद करावे, कारण त्यासाठी जादा फ्लॅश उडत असतील तर एस-2 ची मोजणी चुकते. शिवाय कॅमेरा प्रकाश मोजतो तेव्हा स्लेव्ह पेटलेला नसतो, म्हणजे त्याचा प्रकाश कॅमेऱ्याच्या हिशेबात नसतोच. छायाचित्र जास्त उजळ आले तर स्लेव्हची ताकद उतरवावी. एस-2 नसल्यास निकॉनचे एफव्ही लॉक किंवा कॅननचे एफई लॉक वापरता येते: लॉकचे बटण दाबताच प्री-फ्लॅश उडून जातो, त्याबरोबर उडालेला स्लेव्ह पुन्हा भरून त्याचा दिवा लागेपर्यंत थांबावे आणि मगच शटर दाबावे. स्थिर वस्तूंसाठी हे ठीक आहे, धावत्या मुलांसाठी नाही.

शटरचा वेग कॅमेऱ्याच्या सिंक मर्यादेत (फ्लॅशशी जुळणाऱ्या कमाल वेगाच्या आत), साधारण 1/200 सेकंद किंवा त्याहून मंद असावा; त्याहून वेगवान शटरसाठी असलेले हाय-स्पीड सिंक साध्या स्लेव्हबरोबर चालत नाही. संवेदकाचे तोंड मुख्य फ्लॅशकडे वळवावे आणि स्लेव्हचे आपोआप झोपी जाणे मेन्यूतून बंद करावे. खोलीत पांढऱ्या भिंतींवरून परतलेला प्रकाशही बहुधा पुरतो, पण कडक उन्हात संवेदक मंदावतो. जिथे इतरांचेही फ्लॅश उडत असतात, तिथे स्लेव्ह त्यांच्याही तालावर नाचतो. अशा ठिकाणी उजेडाऐवजी रेडिओ संकेताने फ्लॅश उडवणारा रेडिओ ट्रिगरच घ्यावा.