पहिली प्रायमरी जिंकली, म्हणजे नक्की काय झालं? निकाल वाचायची रीत

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार राज्याराज्यांतल्या मतदानातून ठरतो: कुठे मतपत्रिकेने (प्रायमरी), कुठे सभा भरवून (कॉकस). त्या मतांवरून उमेदवारांना प्रतिनिधी मिळतात, आणि पक्षाच्या अधिवेशनात ज्याच्याकडे प्रतिनिधींचं बहुमत, उमेदवारी त्याची. यात सुरुवातीला येणाऱ्या आयोवाच्या कॉकसचा किंवा न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीचा निकाल लागला की आपल्याकडे बातमी एका ओळीत संपते: अमुक जिंकला. तेवढ्यावरून उमेदवारी कोणाला मिळणार हे सांगायला गेलात तर फसायचीच शक्यता जास्त. १९९२ मध्ये बिल क्लिंटन आणि २०२० मध्ये जो बायडन या दोन्ही ठिकाणी हरले, तरी उमेदवारी त्यांनाच मिळाली. उलट २००४ मध्ये जॉन केरींनी दोन्ही राज्यं जिंकली आणि शर्यत तिथेच जवळपास आटोपली. पहिला विजय प्रतिनिधी फार देत नाही. त्याचं खरं काम मैदान रिकामं करायचं. म्हणून जिंकलं कोण, यापेक्षा घरी कोण गेलं इकडे जास्त लक्ष ठेवायचं.

तयारी निकालाच्या आठवडाभर आधी करा. वहीचं एक आडवं पान पुरतं. पहिल्या चार राज्यांची नावं, तारीख, प्रतिनिधींची संख्या, मतदान कोणाला करता येतं आणि प्रतिनिधींची वाटणी कशी होते, हे रकाने पाडून ठेवा. क्रम दर वेळी ताडून घ्या, मागच्या निवडणुकीचा चालवू नका. २०२४ मध्ये डेमोक्रॅट पक्षाने साउथ कॅरोलायनाला पहिला मान दिला. पण सगळ्यांच्या आधी आपलीच प्रायमरी व्हावी असा न्यू हॅम्पशायरचा कायदाच आहे. त्यांनी पक्षाला न जुमानता ती २३ जानेवारीलाच उरकली. बायडन यांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं, लोकांनी ते हाताने लिहून त्यांना जिंकवलं.

वेळेचा हिशेब सोपा आहे. हिवाळ्यात नागपूरचं घड्याळ न्यू हॅम्पशायरच्या साडेदहा तास पुढे असतं. तिथे मतदान बहुतेक ठिकाणी संध्याकाळी सातला आणि शेवटच्या काही ठिकाणी आठला थांबतं. म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच ते साडेसहा. आयोवाची कॉकस सभा तिथल्या सातला सुरू होते, तेव्हाही इथे साडेसहाच वाजलेले असतात. लढत एकतर्फी असेल तर तर्री-पोह्याच्या गाडीवर गर्दी जमेपर्यंत कल हाती येतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, मग फरक साडेनऊ तासांचा. डिक्सव्हिल नॉच नावाच्या वस्तीत मध्यरात्रीच मतदान होऊन निकाल लागतो, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेदहाला. त्याला बातमीत जागा भरपूर मिळते, पण २०२४ मध्ये तिथे एकूण सहा मतं पडली होती. सोडून द्या.

मतांवरून प्रतिनिधी कसे काढायचे

डेमोक्रॅट पक्षात १५ टक्क्यांची अट असते. त्याखाली राहिलेल्याला शून्य, वर गेलेल्यांत प्रमाणात वाटणी. २०२० चं न्यू हॅम्पशायर घ्या. बर्नी सँडर्स २५.६ टक्के, पीट बुटिजेज २४.३, एमी क्लोबुचर १९.७. एलिझाबेथ वॉरन आणि बायडन दहाच्या आत, म्हणून बाद. उरलेल्या तिघांची बेरीज ६९.६. प्रतिनिधी एकूण २४. प्रत्येकाच्या टक्क्यांना ६९.६ ने भागून २४ ने गुणलं तर ८.८, ८.४ आणि ६.८ येतात, म्हणजे ९, ८, ७.

प्रत्यक्षात वाटणी झाली ९, ९, ६. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं, कारण २४ हा एक ढीग नव्हे. अमेरिकी संसदेच्या दोन मतदारसंघांचे ८-८, राज्यभराचे ५ आणि पक्षाच्या पदाधिकाऱ्यांसाठीचे ३, असे चार वेगळे ढीग असतात आणि पूर्णांक प्रत्येकात स्वतंत्रपणे काढतात. मतदारसंघांतले टक्केही राज्यासारखेच धरले, तर आठांच्या ढिगात ३, ३, २ येतात, पाचांच्या ढिगात २, २, १ आणि तिनांच्या ढिगात १, १, १. बेरीज करून बघा. मतांत पहिला आलेल्याच्या पदरी दुसऱ्याइतकेच प्रतिनिधी पडले.

आता ते ९ कशापुढे ठेवायचे? त्या वर्षी निवडून द्यायचे प्रतिनिधी ३,९७९ होते आणि बहुमताला १,९९१ लागत होते. आयोवाचे ४१ आणि न्यू हॅम्पशायरचे २४ मिळूनही दोन टक्के भरत नाहीत.

रिपब्लिकन पक्षात नियम राज्याराज्यात बदलतो, म्हणून वाटणीचा रकाना तिथे जास्त कामाचा. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात डोनाल्ड ट्रम्प यांना ३२.५ टक्के मतं होती आणि प्रतिनिधी सगळेच्या सगळे ५०. मतं तिसरा हिस्सा आणि ताट पूर्ण, असा प्रकार दिसला की त्या विजयाला आयोवातल्या विजयापेक्षा कितीतरी जास्त वजन द्या.

कोणाच्या मतांवर जिंकला

नागपूरच्या कळमना मार्केट यार्डातली मतमोजणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नव्याने सांगायला नको: पहिल्या फेऱ्यांची आघाडी कोणत्या भागातल्या बूथची, हे बघूनच तोंड उघडायचं. आयोवाच्या रिपब्लिकन कॉकसमध्ये इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल काटेकोरपणे मानणाऱ्या ख्रिस्ती मतदारांचा जोर असतो. माइक हकबी २००८ मध्ये, रिक सँटोरम २०१२ मध्ये आणि टेड क्रूझ २०१६ मध्ये तिथे जिंकले. तिघांपैकी एकालाही उमेदवारी मिळाली नाही. न्यू हॅम्पशायरात कोणत्याही पक्षात नाव न नोंदवलेला मतदार हव्या त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. जॉन मॅकेन २००० मध्ये तिथे मोठ्या फरकाने जिंकले, पण साउथ कॅरोलायनात जॉर्ज बुश यांनी त्यांना अडवलं. डेमोक्रॅट पक्षात साउथ कॅरोलायनाचे निम्म्याहून जास्त मतदार कृष्णवर्णीय असतात, आणि २०२० मध्ये बायडन यांना वर काढलं ते त्यांनीच.

अपेक्षेचा रकाना

शेवटच्या आठवड्यातल्या जनमत चाचण्यांची सरासरी निकालाच्या आदल्या दिवशी पेनाने लिहून ठेवा. पेन्सिलने नको, निकालानंतर 'मी म्हणतच होतो' म्हणायचा मोह फार असतो. १९६८ मध्ये न्यू हॅम्पशायरात अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना सुमारे ४९ टक्के आणि युजीन मॅकार्थींना ४२ टक्के मतं पडली. जिंकले जॉन्सन, पण अध्यक्षाला इतकी झुंज द्यावी लागली हीच बातमी झाली आणि ३१ मार्चला त्यांनी शर्यत सोडली. १९९२ मध्ये पॉल सॉन्गस आठ टक्क्यांनी पुढे होते, तरी कौतुक झालं दुसऱ्या आलेल्या क्लिंटन यांचं. सॉन्गस शेजारच्या मॅसॅच्युसेट्सचे, त्यामुळे त्यांचा विजय लोकांनी धरूनच ठेवला होता.

विजयाचा फायदा नासतोही लवकर. २०१२ मध्ये आयोवात मिट रॉम्नी आठ मतांनी पुढे असल्याचं जाहीर झालं. सोळा दिवसांनी पक्षाने अंतिम आकडे दिले तेव्हा सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. मधल्या काळात न्यू हॅम्पशायर होऊन रॉम्नी तिथेही जिंकले होते. सँटोरमना कागदावर विजय मिळाला, हाती काही आलं नाही. २०२० मध्ये आयोवात आकडे कळवायच्या ॲपने घोळ घातल्यावर बुटिजेज यांचंही तेच झालं. म्हणून फरक दोन-चार टक्क्यांच्या आत असेल तर त्या सकाळी नावापुढे 'जिंकला' लिहू नका, आणि पुढचं राज्य किती दिवसांवर आहे ते शेजारी लिहा.

माघारीची यादी

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढे लिहा: हा गेला तर याची मतं कोणाकडे? २०२० मध्ये साउथ कॅरोलायना झालं २९ फेब्रुवारीला. १ मार्चला बुटिजेज बाहेर, २ मार्चला क्लोबुचर बाहेर, दोघांचाही पाठिंबा बायडनना. ३ मार्चच्या सुपर ट्यूजडेला, म्हणजे बरीच राज्यं एकदम मतदान करतात त्या मंगळवारी, १४ पैकी १० राज्यं बायडन यांनी घेतली. २०१६ मध्ये रिपब्लिकनांत नेमकं उलटं झालं. जेब बुश साउथ कॅरोलायनानंतर गेले, पण मार्को रुबिओ, क्रूझ आणि जॉन केसिक तिघंही शर्यतीत टिकून राहिले. ट्रम्पविरोधी मतं तीन वाटांनी गेली आणि ट्रम्प तिसऱ्या हिश्श्यावर राज्यं जिंकत राहिले.

माघारीच्या आधी पैसा आटतो. निवडणुकीच्या वर्षात बहुतेक उमेदवार संघीय निवडणूक आयोगाला दर महिन्याच्या २० तारखेपर्यंत मागच्या महिन्याचा हिशेब देतात, त्यामुळे जानेवारीतलं चित्र कळायला २० फेब्रुवारी उजाडते. तोपर्यंत पुढच्या राज्यांतल्या टीव्ही जाहिराती थांबल्या का, सभा रद्द झाल्या का, माणसं कमी केली का, हे बघा. 'मोहीम स्थगित' अशी बातमी आली की ती माघारच समजा. मात्र नाव मतपत्रिकेवर राहतं, आणि टपालाने आधीच गेलेली मतं त्याच्याच खात्यात पडतात. माघार घेतलेल्या उमेदवाराला पुढच्या राज्यात पाच टक्के दिसले तर गोंधळू नका.

पक्का अंदाज सुपर ट्यूजडेनंतरच लिहा. पिछाडीवरच्या उमेदवाराला बहुमतासाठी अजून किती प्रतिनिधी हवेत, त्याला शिल्लक प्रतिनिधींनी भागा. डेमोक्रॅट पक्षात हे उत्तर साठ टक्क्यांच्या वर गेलं तर प्रमाणशीर वाटणीत ती तूट भरून निघणं जवळपास अशक्य. रिपब्लिकन पक्षात मात्र मार्चच्या मध्यानंतर इतर राज्यंही सगळे प्रतिनिधी एकालाच देऊ शकतात. तिथे शिल्लक राज्यांतली अशी किती, हे वेगळं मोजल्याशिवाय भागाकाराला हात लावू नका.