वाड्यात कॅफे नाहीतर ऑफिस काढताय? मग आधी हे बघून घ्या

पुण्यात पेठेतला जुना वाडा भाड्यानं घेणार असाल तर इंटिरियरवाल्याला बोलवायच्या आधी खांब मोजा. वाड्याचं वजन मुख्यतः सागवानी खांब आणि तुळयांवर असतं, आतल्या बऱ्याच भिंती नुसत्या भरावाच्या, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअर हो म्हणाला तर एखादी भिंत काढता येते पण टेबलं बसत नाहीत म्हणून खांब उडवला की वरचा मजला खाली झुकायला लागतो. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण ५-६ फूट, लेआउट त्याच मापात पाडा.

मग स्क्रूड्रायव्हर घेऊन दोन जागी टोचून बघा, एक म्हणजे खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर टेकतो तिथं आणि दुसरं तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथं, ओल आणि वाळवी आधी इथंच लागते. भसकन आत गेला तर सडलेला भाग कापून नवा सागाचा जोड देता येतो. न बघताच अख्खा खांब बदला म्हणणारा सुतार भेटला तर सरळ दुसरा शोधा.

भिंतींना सिमेंट प्लास्टर अजिबात नको! जुन्या विटा चुन्यात नाहीतर मातीत बसवलेल्या असतात, ओल भिंतीतून बाहेर पडत असते, वरून सिमेंट मारलं की ती आतच अडकते आणि दोन पावसाळ्यांत लोणा (भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार), पोपडे सगळं सुरू. चुनाच वापरा, तो मुरवायला वेळ जातो म्हणून कॉन्ट्रॅक्टर कुरकुरणार, कुरकुरू दे.

मधल्या उघड्या चौकावर पत्रा टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण आतल्या खोल्यांना उजेड आणि वारा तिथूनच येतो, झाकलात तर दिवसभर लाइट-एसी चालू ठेवून बसा. त्यापेक्षा चौकातली मोरी साफ करून घ्या.

आगीचं मात्र हलक्यात घेऊ नका. शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत गेले, १८७९ मध्ये बुधवारवाडाही जळाला. म्हणून जुनं वायरिंग सगळं काढून नवीन पाइपातून न्या आणि गॅसचं किचन कडीपाटाखाली, म्हणजे लाकडी छताखाली न ठेवता मागे परसात काढा.

वाडा हेरिटेज यादीत आहे का, कुठल्या ग्रेडमध्ये, हे महापालिकेत आधीच विचारा, दर्शनी भागाला हात लावायला परवानगी लागू शकते. आणि दुकानाचा बोर्ड दिंडी दरवाज्याच्या नक्षीवर खिळे ठोकून लावू नका, बाजूला सुटा स्टँड उभा करा.